क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा (चित्रपट)

कित्तूर संस्थानच्या इंग्रजविरोधी लढ्यावरील कन्नड ऐतिहासिक युद्धपट. दिग्दर्शक नागण्णा, निर्माते आनंद अप्पुगोळ, लेखन केशवादित्य. रायण्णाच्या भूमिकेत दर्शन, राणी चन्नम्मांच्या भूमिकेत जयाप्रदा, तर रायण्णाच्या आईच्या भूमिकेत उमाश्री. १ नोव्हेंबर २०१२ रोजी प्रदर्शित. बंगळूरच्या चित्रपटसृष्टीने तोवर काढलेल्या सर्वांत खर्चिक चित्रपटांत याची गणना झाली. या भूमिकेसाठी दर्शनला कर्नाटक शासनाचा २०१२ सालचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

कथानकाचा प्रदेश मराठी वाचकाला परका नाही. कित्तूर, बैलहोंगल, संपगाव, बिडी, खानापूर, नंदगड ही सारी नावे बेळगाव जिल्ह्यातली आहेत. खानापूर तालुक्यात तर आजही घरोघर मराठी बोलली जाते. कित्तूरचे देसाई मराठी सत्तेच्या राजकारणात मुरलेले होते. मल्लसर्ज देसायांना दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात अडकवून ठेवले होते. सुटका झाली तेव्हा प्रकृती पार ढासळली होती आणि लवकरच त्यांचा अंत झाला. १८१८ मध्ये पेशवाई बुडताना कित्तूरने बेळगावच्या किल्ल्याच्या वेढ्यात इंग्रजांना मदत केली आणि त्या बदल्यात संस्थान टिकवले. सहाच वर्षांनी त्याच कंपनी सरकारने दत्तक नाकारला. १८२४ चा संताप समजायचा तर हे लक्षात ठेवावे लागते.

सप्टेंबर १८२४ मध्ये कित्तूरचे तत्कालीन देसाई शिवलिंगरुद्रसर्ज निपुत्रिक वारले. मल्लसर्जांच्या विधवा पत्नी चन्नम्मा यांनी दत्तक शिवलिंगप्पाचा हक्क लावून धरला. धारवाडचे कलेक्टर थॅकरे (कादंबरीकार विल्यम थॅकरे यांचे काका) तोफा घेऊन कित्तुरावर चालून आले आणि २३ ऑक्टोबर १८२४ रोजी किल्ल्यासमोर मारले गेले. स्टीव्हन्सन आणि वॉल्टर इलियट हे दोन अधिकारी ओलीस सापडले. यांपैकी इलियट पुढे अमरावतीच्या बौद्ध शिल्पांचे आणि दख्खनच्या शिलालेखांचे अभ्यासक म्हणून नावारूपाला आले. डिसेंबरमध्ये इंग्रजांनी मोठी फौज आणून किल्ला घेतला. चन्नम्मा बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत राहिल्या आणि तिथेच १८२९ मध्ये वारल्या.

रायण्णाचा लढा खरा यानंतरचा. तो संगोळ्ळी गावचा कुरुब, आपल्याकडच्या धनगरांशी नाते सांगणाऱ्या समाजातला आणि हुद्द्याने शेतसनदी. गावची राखण, सरकारी निरोप, वेळ पडल्यास हत्यार उचलणे अशी चाकरी आणि तिच्या मोबदल्यात कसायला जमीन, हा शेतसनद्यांचा करार. कित्तूर पडल्यावर त्या जमिनी खालसा होऊ लागल्या, उरल्या त्यांच्यावर सारा वाढला. १८२९-३० मध्ये रायण्णाने अशाच जमिनी गेलेल्या माणसांची टोळी बांधली, दत्तक शिवलिंगप्पाला गादीवर बसवण्याची द्वाही फिरवली आणि गनिमी काव्याने सरकारी कचेऱ्या जाळल्या. कचेरी जाळणे म्हणजे जमिनीचे दप्तर जाळणे. कोणाची किती जमीन आणि त्यावर किती सारा हे ज्या कागदांत होते, तेच या बंडाचे लक्ष्य होते. एप्रिल १८३० मध्ये फितुरीने तो पकडला गेला आणि २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगड येथे त्याला फाशी देण्यात आली. परंपरेने त्याचा जन्मदिवस १५ ऑगस्ट मानला जातो. या दोन तारखांचा योग कर्नाटकातल्या कोणत्याही भाषणातून सुटत नाही.

चित्रपटात राणीचे युद्ध आणि रायण्णाची झुंज हे दोन्ही भाग आहेत. लढाईचा देखावा भव्य आहे. नायक मात्र लोकप्रिय ताऱ्याच्या मापाचा घडवला आहे. त्याच्या संवादांत राणीनिष्ठा आणि कन्नड भूमीचा अभिमान ओसंडतो. सारा, खालसा जमीन, दप्तर ही बंडाची रोजची कारणे त्या मानाने फिकी पडतात. या बाबतीत बी. आर. पंतुलू यांचा ‘कित्तूर चन्नम्मा’ (१९६१) वेगळा नव्हता. त्यात बंगळूरच्या बी. सरोजादेवी राणी झाल्या होत्या आणि राजकुमार मल्लसर्ज. त्याआधी दोनच वर्षे पंतुलूंनी तमिळमध्ये ‘वीरपांड्य कट्टबोम्मन’ काढला होता. पाळेगार किंवा देसाई, फितुरी, फाशी हा साचा दक्षिणेत तिथूनच रूढ झाला.

परकीय सत्तेविरुद्धच्या गनिमी लढ्याचा हाच विषय एका कोरियन चित्रपटाने दुसऱ्या बाजूने हाताळला आहे. वोन शिन-यॉन यांचा ‘द बॅटल : रोर टू व्हिक्टरी’ (२०१९) हा जून १९२० मधील बोंगोदोंगच्या लढाईवर आहे. मांचुरियातल्या डोंगरात कोरियन स्वातंत्र्यसैनिकांनी जपानी तुकडीला खिंडीत ओढून मारले, ती ही लढाई. या सैनिकांचा सेनापती होंग बॉम-दो मूळचा शिकारी. चित्रपट मात्र त्याच्यापेक्षा शत्रूला भुलवत खिंडीकडे नेणाऱ्या साध्या शेतकरी-सैनिकांवर रेंगाळतो. रायण्णाच्या टोळीतल्या शेतसनद्यांच्या वाट्याला असा चित्रपट अजून आलेला नाही.

प्रदर्शनाचा दिवसही बोलका होता. १ नोव्हेंबर हा कर्नाटकाचा राज्योत्सव. बेळगाव-खानापुरातला मराठी माणूस १९५६ पासून तोच दिवस काळा दिवस म्हणून पाळतो. त्यामुळे ज्या तालुक्यात रायण्णा फासावर चढला, तिथल्या बऱ्याच घरांत हा चित्रपट ‘त्यांचा’ ठरला. हे दुर्दैवी असले तरी नवल नाही. नंदगडला मात्र असा भेद फारसा जाणवत नाही. तिथे रायण्णाच्या समाधीपाशी मोठा वड आहे. मूल व्हावे म्हणून नवस बोलणारी जोडपी त्याच्या फांद्यांना लाकडी पाळणे बांधतात. नव्या पाळण्यांचा रंग ताजा असतो, जुने उन्हापावसाने करडे पडून तिथेच लटकत राहतात.

बंगळूर शहरात रायण्णाच्या नावाचा सर्वांत मोठा वावर रेल्वेस्थानकात आहे. चित्रपटानंतर काही वर्षांत बंगळूर सिटी स्थानकाला क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांचे नाव देण्यात आले. तिकिटावर ते ‘केएसआर बंगळूर’ असे आखडते आणि रिक्षावाल्याला मात्र ‘मॅजेस्टिक’ सांगितल्याशिवाय उमगत नाही. तिथूनच रात्री मिरजेच्या दिशेने राणी चन्नम्मा एक्स्प्रेस सुटते. सुट्टीला गावी निघालेली बंगळूरची बेळगावकर, मिरजकर मराठी मंडळी तिने हुबळी, धारवाड, लोंढा, खानापूर असा कथानकाचाच मुलूख सकाळी ओलांडतात.

रायण्णाची प्रतिमा पुढे भाषावादातही ओढली गेली. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळूरच्या सदाशिवनगरातील शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकण्यात आली. पाठोपाठ बेळगावच्या अनगोळ भागात रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झाली आणि शहरात जमावबंदी लागली. त्याआधी ऑगस्ट २०२० मध्ये बेळगावजवळच्या पिरनवाडीत कन्नड कार्यकर्त्यांनी रातोरात रायण्णाचा पुतळा बसवल्यावरून दोन्ही बाजूंची माणसे रस्त्यावर उतरली होती. पुतळा रायण्णाचा आणि चौकाचे नाव शिवाजी महाराजांचे, अशी तडजोड त्या वेळी झाली.