दलाल स्ट्रीटवरचा कागद

मुंबईत शेअरांचे दलाल 1850 च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमत. वर्दळ वाढत गेली तसे ते जागा बदलत आजच्या दलाल स्ट्रीटवर आले आणि 1875 मध्ये त्यांनी ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापन केली. हाच आपला मुंबई शेअर बाजार. संस्था दलालांनी काढलेली, मालकी दलालांची, नियम दलालांचे आणि तंटा झाला तर निवाडाही दलालांचाच. पुढे 120 वर्षांनी या बाजारात संगणक आला तेव्हा काय बदललं, हे समजून घ्यायचं तर ही मालकीची गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते.

मी 1989 मध्ये फोर्टातल्या एका दलाली पेढीत डिलिव्हरी खात्यात लागले. खरेदी-विक्री व्हायची ती जीजीभॉय टॉवर्सच्या हॉलमध्ये, रिंगमध्ये. तिथे जॉबर उभे राहून खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन भाव ओरडत, आमचे ऑथराइज्ड क्लार्क बोटांच्या खुणांनी सौदे करत आणि हातातल्या छोट्या वहीत पेन्सिलीने टिपून ठेवत. संध्याकाळी दोन पेढ्यांच्या नोंदी ताडून बघायच्या. जुळल्या नाहीत की वांधा. पण बहुतेक वांधे उभ्या-उभ्या मिटत, कारण तोंडातून गेलेला शब्द मोडणाऱ्याशी दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये कुणी सौदा करत नसे. त्या जगाची ही खरी शान होती आणि तिचा मला आजही आदर आहे.

हा विश्वास मात्र दलालादलालांतला होता. बाहेरच्या गिऱ्हाइकाला त्यात जागा नव्हती. साताऱ्याहून कुणी फोनवर शंभर शेअर घ्यायला सांगितले, तर त्याचा सौदा नेमका किती वाजता आणि कोणत्या भावाने झाला, हे कळायचा मार्गच त्याच्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दिवसभरातला वरचा आणि खालचा भाव छापून येई. बिलातला भाव त्या दोहोंच्या मध्ये कुठेही बसला की गिऱ्हाईक गप्प बसे. खरेदीचं बिल वरच्या भावाकडे आणि विक्रीचं खालच्या भावाकडे का झुकतं, हे आम्हा कारकुनांना पक्कं ठाऊक होतं.

माझं काम सौद्यानंतरचं. शंभर शेअरांचा लॉट टेबलावर आला की आधी सर्टिफिकेट बघायचं, मग त्याला टाचलेला ट्रान्सफर फॉर्म. फॉर्मवर कंपनी निबंधकाच्या कार्यालयाचा तारखेचा शिक्का हवा आणि तो मुदतीतला हवा. विकणाऱ्याची सही, साक्षीदाराची सही, त्याचा पत्ता. फोलिओ नंबर, सर्टिफिकेट नंबर, शेअरांचे अमुकपासून तमुकपर्यंतचे डिस्टिंक्टिव्ह नंबर, सगळे सर्टिफिकेटशी ताडायचे. मागच्या बाजूला शेअर ट्रान्सफरची तिकिटं पुरेशा रकमेची लावून ती रद्द केलेली हवीत. एवढं झाल्यावर गठ्ठा कंपनीच्या रजिस्ट्रारकडे जाई. तिथे विकणाऱ्याची सही जुन्या नमुन्याशी पडताळत आणि ‘सिग्नेचर डिफर्स’ असा शेरा मारून कितीतरी लॉट परत येत.

साताऱ्याच्याच एका निवृत्त शिक्षकांचा लॉट मला अजून आठवतो. विकणारे गृहस्थ म्हातारे झाले होते, हात थरथरत होता, त्यामुळे सही नमुन्यापेक्षा वेगळी पडली. कागद रजिस्ट्रारकडून आमच्याकडे, आमच्याकडून विकणाऱ्या पेढीकडे, तिथून त्या गृहस्थांकडे आणि पुन्हा उलट वाटेने, असा महिनोन्‌महिने फिरला. दरम्यान लाभांश जुन्या नावावर गेला. मास्तरांनी पैसे तर कधीच भरले होते. “बाई, शेअर माझे आहेत की नाहीत, एवढं सांगा,” असं ते फोनवर विचारत आणि माझ्याकडे त्याला सरळ उत्तर नव्हतं.

मग 1992 उजाडलं. एप्रिलमध्ये सेन्सेक्स 4,467 पर्यंत चढला आणि लगोलग पत्रकार सुचेता दलाल यांनी दलाल हर्षद मेहताचं प्रकरण उघडकीला आणलं. बँकांचा पैसा शेअर बाजारात आला होता तो बँक रिसीट नावाच्या कागदांवर. त्यातल्या काहींच्या मागे रोखे नव्हतेच. त्याच वर्षी शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले आणि सरकारच्या पाठिंब्याने आयडीबीआयसारख्या वित्तसंस्थांनी मिळून नॅशनल स्टॉक एक्स्चेंज (एनएसई) स्थापन केलं. डॉ. आर. एच. पाटील त्याचे पहिले प्रमुख.

एनएसईने नोव्हेंबर 1994 मध्ये शेअरांचे व्यवहार सुरू केले. तिथे रिंग नव्हती. दलालाच्या ऑफिसात टर्मिनल, गच्चीवर उपग्रहाची व्हीसॅट तबकडी, आणि सगळ्या देशाच्या ऑर्डरी एकाच संगणकात. चांगला भाव देणारा आधी, सारख्या भावात आधी आलेला आधी. समोर कोण आहे, हे कुणालाच दिसत नसे. गिऱ्हाइकाच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर सौद्याचा नंबर आणि वेळ छापून येऊ लागली. वरच्या-खालच्या भावातली ती जागा तिथेच बुजली.

संगणक काही 1994 मध्ये अवतरले नव्हते. पैसा, जागा, माणसं सगळं मुंबई शेअर बाजाराकडे आधीपासून होतं. नव्हती ती गरज, कारण अंधुक भावावर ज्यांचं पोट भरत होतं तेच मालक होते. एनएसईत दलालांना व्यवहार करता येत, मालकी मात्र वित्तसंस्थांची होती. ही स्पर्धा उभी राहताच मुंबई शेअर बाजारानेही काही महिन्यांत, मार्च 1995 मध्ये, बोल्ट ही संगणकी यंत्रणा सुरू केली आणि रिंगचा आवाज बंद पडत गेला. वर्षभरात एनएसईची उलाढाल पुढे निघून गेली. अर्थतज्ज्ञ अजय शाह आणि सुसान थॉमस यांनी याच स्थित्यंतराचा अभ्यास केला. सौदा करणं, त्याची हमी आणि शेअर-पैशांची देवघेव, या तिन्ही टप्प्यांवर गुंतवणूकदाराचा किती खर्च होतो, हे त्यांनी वेगवेगळं मांडलं. जुना, मातब्बर बाजार नव्यापुढे इतक्या लवकर मागे पडतो, हे जगातही क्वचित घडलेलं आहे.

कागद मात्र तरीही होताच. उलट सौदे वाढले तसे आमच्या टेबलावरचे गठ्ठे वाढले. तो गेला डिपॉझिटरीमुळे, म्हणजे शेअर कागदाऐवजी खात्यातल्या नोंदीने सांभाळणाऱ्या संस्थेमुळे. 1996 मध्ये कायदा झाला, नोव्हेंबरमध्ये एनएसडीएल ही डिपॉझिटरी सुरू झाली आणि 1998-99 पासून सेबीने डीमॅटची, म्हणजे बिनकागदी शेअरांची, सक्ती टप्प्याटप्प्याने वाढवली. डीमॅट हस्तांतराला मुद्रांक शुल्क माफ होतं, त्यामुळे लोकही राजीखुशीने वळले. सही पडताळायची गरजच उरली नाही आणि मास्तरांच्या प्रश्नाला एका ओळीच्या स्टेटमेंटमध्ये उत्तर मिळालं. मला त्याचा मनापासून आनंद झाला.

त्याच उत्तराने आमचं खातं बंद झालं. सह्या तपासणारे, गठ्ठे पोचवणारे शिपाई, भाव ओरडणारे जॉबर यांतले काहीजण टर्मिनलवर बसले, काहींनी डीमॅटचे फॉर्म भरून द्यायचं काम धरलं, बरेचजण घरी गेले. देशातले वीसहून अधिक बाजारही ओस पडत गेले. एका टर्मिनलवरून सगळा देश दिसू लागल्यावर वेगळ्या पुणे शेअर बाजाराचं कामच उरलं नाही. 2012 मध्ये सेबीने अशा बाजारांना बाहेर पडायची वाट आखून दिली. व्यवहाराचा खर्च किती घटला, याचे तक्ते झाले. आमच्यासारख्यांचं काय झालं, याचा असा तक्ता माझ्या पाहण्यात नाही. तो व्हायला हवा, कारण स्वस्ताईची किंमत कुणी मोजली, हाही त्याच हिशेबाचा भाग आहे.

यंत्राने लबाडी संपवली, असंही झालं नाही. 2001 च्या दलाल केतन पारेख प्रकरणानंतर ‘बदला’, म्हणजे सौदे व्याजावर पुढे ढकलायची पद्धत, बंद करावी लागली आणि प्रत्येक दिवसाचे सौदे ठरावीक दिवसांत मिटवणारी रोलिंग सेटलमेंट आली. पुढे एनएसईच्याच सर्व्हरवरून काही दलालांना माहिती इतरांच्या आधी मिळत असल्याच्या आरोपावरून चौकशी झाली आणि 2019 मध्ये सेबीचा आदेश निघाला. त्यातली मोठ्या रकमेची वसुली पुढे अपिलात टिकली नाही, पण आधी कोणाला दिसतं, हा रिंगमधलाच प्रश्न तिथेही उभा राहिला.

आज डीमॅट खातं मोबाइलवर उघडतं. ऑगस्ट 2022 मध्ये अशा खात्यांची संख्या 10 कोटींवर गेली. साताऱ्यातल्या माणसाला दलाल स्ट्रीटइतकाच ताजा भाव दिसतो, ही फार मोठी कमाई आहे. पण सेबीच्याच सप्टेंबर 2024 च्या अभ्यासानुसार फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी 93 टक्क्यांना 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत तोटा झाला आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटींहून अधिक होता. जे पूर्वी भावाच्या अंधारात बुडत, त्यांचीच नातवंडं आज लख्ख उजेडात बुडत आहेत.

डिजिटायझेशनने व्यवसाय कसा बदलतो, असं मला तरुण मुलं विचारतात. मी त्यांना सांगते, यंत्र कधी आलं हे नंतर बघा. आधी ते कोणाच्या मालकीचं आहे, नियम कोण करतं आणि नोंद कोणाकोणाला वाचता येते हे बघा. दलाल स्ट्रीटवर 1994 मध्ये या तिन्हींची उत्तरं बदलली म्हणून संगणक गिऱ्हाइकाच्या कामी आला. जिथे ती बदलत नाहीत, तिथे जुनाच अन्याय जास्त वेगाने होतो.