कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी

बीड शहरातून पहिली प्रवासी रेल्वे सुटली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरच्या दिशेने. नगर–बीड–परळी मार्गाला मंजुरी मिळाली होती १९९५-९६ साली आणि मागणी तर त्याहूनही जुनी होती. परळी वैजनाथला गाडी निजामाच्या काळापासून येत होती, पण जिल्ह्याच्या ठाण्याला रुळांची वाट पाहावी लागली. बाजार, कोर्ट, दवाखाना, ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं, सगळं रस्त्यानेच. अशा जिल्ह्यात मोटार बिघडली की दुसरा पर्याय जवळपास नसतो. म्हणूनच इथल्या गॅरेजवाल्या मिस्त्रींच्या कौशल्याचा इतिहास नीट लिहून ठेवायला हवा.

या भागातल्या संघटित मोटार वाहतुकीची मुळं हैदराबाद संस्थानात आहेत. निजामाच्या रेल्वे खात्याने जून १९३२मध्ये रस्ते वाहतूक विभाग सुरू केला, तेव्हा त्याच्याकडे २७ बस आणि १६६ कर्मचारी होते. बस स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. पुढे १९४८ला संस्थान भारतात आलं, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६१पासून एसटी महामंडळाचा कारभार सुरू झाला. एसटीला स्वतःचे डेपो होते, कार्यशाळा होत्या. खाजगी गाडीवाल्याला मात्र झाडाखालचा मिस्त्री हाच आधार. तो शिकायचा उस्तादाच्या हाताखाली: आधी पाने पुसायचे, मग चाकं उतरवायची, मग कधीतरी इंजिनाला हात लावायला मिळायचा.

त्याच्यासमोर येणाऱ्या गाड्या मोजक्याच होत्या. महिंद्राची जीप, उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, जिचं नाव सत्तरच्या दशकात पद्मिनी झालं. वालचंद हिराचंदांच्या या कंपनीची गाडी २००० सालाच्या आसपासपर्यंत बनत राहिली. ॲम्बेसेडर थेट २०१४पर्यंत. फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, ॲम्बेसेडरचं बराच काळ १४८९ सीसीचं. दोन्ही चार सिलिंडरची, दोन्हींचा फायरिंगचा क्रम १-३-४-२. एकदा हे अंगात मुरलं की मिस्त्रीला दोन्ही गाड्या सारख्याच वाचता येत.

या गाड्यांची सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच: गाडी उभी असताना नीट चालत नाही. थरथरते, मिस मारते, सिग्नलला किंवा फाटकाशी बंद पडते. ॲक्सिलरेटर दाबला की मात्र सुधारते. मांजरसुंब्याच्या घाटात ती कशीबशी चढून जाईल, पण वर चहाला थांबली की बंद. वेगात असताना इंजिनाकडे हवा, पेट्रोल आणि गती मुबलक असते, त्यामुळे बारीक दोष झाकला जातो. आयडलिंगला थ्रॉटल जवळपास बंद असतो आणि पेट्रोल येतं केसाएवढ्या छिद्राच्या स्लो जेटमधून. तिथे लपायला जागा नसते. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडर ४०० वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा. एक सिलिंडर मेला की सेकंदाला तितकेच ठोके चुकतात आणि तेच धक्के स्टिअरिंगपर्यंत जाणवतात.

नवशिक्याचा हात अशा वेळी पहिल्यांदा कार्बोरेटरकडे जातो, कारण तिथे फिरवायला स्क्रू असतात. पण जाणता मिस्त्री कार्बोरेटर शेवटी उघडतो. हा क्रम या धंद्यातलं सगळ्यात मोलाचं ज्ञान आहे.

सुरुवात प्लगपासून. इंजिन चालू ठेवून, रबराच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढायची. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय. वायर काढूनही काहीच फरक पडला नाही तर दोषी सापडला. मग तोच प्लग बाहेर काढून टोक पाहायचं. बदामी रंग असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरं फटक टोक म्हणजे हवा जास्त, तेलाने ओलं म्हणजे रिंगा किंवा वाल्वचे गाईड झिजलेत. एवढ्याशा टोकावरून पुढचा निम्मा तपास उमगतो.

नंतर डिस्ट्रिब्यूटरचं टोपण. आत पॉइंट जळून खड्डे पडलेले असतात; ते पॉलिश पेपरने घासायचे आणि सुमारे ०.४ मिलिमीटर फट ठेवायची. फिलर गेज नसेल तेव्हा अनेकांनी जाड कार्डाच्या तुकड्यावर काम भागवलंय. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदलायचा. टोपणाला केसासारखी चीर असली की पावसाळी सकाळी ठिणगी भलतीकडे पळते, उन्हात मात्र गाडी शहाण्यासारखी चालते. असे दोष गाडीवाल्याच्या बोलण्यातून कळतात. म्हणून चांगला मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी विचारतो: थंड असताना त्रास होतो की तापल्यावर? कधीपासून? पेट्रोल कुठे भरलं होतं?

टॅपेटची फट त्यानंतर. मग हवेची चोरी. मॅनिफोल्डचं गॅस्केट किंवा व्हॅक्यूमचा पाइप फाटला तर न मोजलेली हवा आत शिरते. सांध्यावर साबणाचं पाणी सोडलं की ते आत ओढलं जातं आणि आवाज क्षणभर बदलतो. सायलेन्सरच्या तोंडाशी कागद धरून पाहणं ही आणखी एक जुनी रीत. निरोगी इंजिन कागद सारखा बाहेर फेकतं. एक्झॉस्ट वाल्व जळला असेल तर कागद मधूनच आत खेचला जातो. मग हेड उतरवण्यावाचून इलाज नाही. लांब डिसमिस इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाशी लावणारे मिस्त्री आजही दिसतात. ते खटखट नेमकी कुठून येते ते शोधत असतात.

एवढं सगळं करूनही बिघाड उरला तर कार्बोरेटर. बीडसारख्या कमी पावसाच्या मुलखात धूळ बारा महिन्यांतले बहुतेक महिने उडते. एअर फिल्टर चोंदतो, टाकीतला गाळ जेटपर्यंत येतो. जेट हवेने फुंकायचा, त्यात तार घालायची नाही, कारण छिद्र जरा जरी मोठं झालं तरी कायमचं बिघडतं. घाईत तार घालून किती कार्बोरेटर वाया गेले असतील, याची हळहळ वाटते.

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि या कानांना नवं शिक्षण घ्यावं लागलं. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, क्रम १-३-२. तीन सिलिंडरमध्ये थोडी थरथर जन्मजात असते. चार सिलिंडरच्या मापाने ऐकणाऱ्याला धडधाकट मारुतीही आजारी वाटायची.

मग आयडलिंगला कायद्याचा आकडा मिळाला. पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी गाडी उभी असताना, आयडलिंगलाच होते. २००४पासूनच्या नियमांनुसार भारत स्टेज २च्या आधीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. बहुतेक लोक ती पावती काचेमागे ठेवून विसरतात, पण तिच्यात निदान लिहिलेलं असतं. मोनॉक्साइड वाढलेला असेल तर पेट्रोल जास्त जातंय. मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन जास्त असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे ठिणगी चुकते किंवा हवा चोरली जाते. मिश्रणाचा स्क्रू फिरवण्याआधी हे दोन आकडे वाचणारा मिस्त्री पैसे आणि वेळ दोन्ही वाचवतो.

२००० सालाने दोन बदल आणले. फेब्रुवारीत देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं, आणि मारुती ८००सारख्या गाड्यांत कार्बोरेटरची जागा एमपीएफआयने घेतली. शिसं मेंदूला, विशेषतः मुलांच्या, घातक होतं. ते गेलं हे फार चांगलं झालं. मात्र जुन्या इंजिनांच्या वाल्वच्या बैठकांना शिशाचं संरक्षण मिळत असे, त्यामुळे लांब पल्ल्याच्या जुन्या गाड्यांत बैठक झिजून कॉम्प्रेशन उतरण्याकडे लक्ष द्यावं लागलं.

आता नवा प्रश्न उसातून आलाय. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३च्या फेब्रुवारीत सुरू झालं आणि २०२५पर्यंत बहुतेक पंपांवर पोहोचलं. जिथली माणसं दर हंगामात कोयता घेऊन ऊस तोडायला घराबाहेर पडतात, त्या बीडच्या जुन्या गाड्यांतही आता उसापासूनचं इंधन जळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. जुन्या कार्बोरेटरचा जेट मात्र साध्या पेट्रोलच्या हिशेबाने भोकलेला. साहजिकच मिश्रण पातळ होतं आणि आयडलिंग अडखळतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या टाकीतला चिकट थर सोडवतं, आणि जुन्या रबराला फुगवतं किंवा कडक करतं. त्यामुळे पन्नाशीतल्या फियाटसाठी तपासाच्या जुन्या क्रमात आता एक पायरी सुरुवातीलाच वाढली आहे: टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढायचं, खाली पाण्याचा वेगळा थर बसतो का ते पाहायचं, पंपाचा पडदा आणि पाइप बोटांनी दाबून बघायचे, आणि मगच प्लगची पहिली वायर काढायची.