वाकळ कुणी शिवली, कुणी जाळली?



इतिहास म्हटला की आपण पुस्तकं धुंडाळतो. घरातली वाकळ मात्र पाहुणा आला की पहिल्यांदा आत ढकलतो. लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या आमच्या वस्तीत ठरलं : घरटी एक जुना कपडा घ्यायचा, वस्तीची एक वाकळ शिवायची आणि कुठला तुकडा कुणाचा ते वहीत लिहायचं. आम्ही शिकलेली पोरं. पट्टी लावून चौकोन कापले. म्हाताऱ्या हसल्या. एक म्हणाली, "आरं लेकरांनो, कापड जसं हाय तसं बसवायचं. कापून काय ऱ्हातंय?" विरलेलं लुगडं आम्ही शोभेसाठी वर लावलं. चार दिवसांत फाटलं. मग कळलं : धड कापड वर, झिजलेलं आत. धावदोरा कडेनं सुरू करून आत आत न्यायचा, प्रत्येक टाक्यात सगळे थर धरायचे. दिसतो तो वरचा थर. ऊब देतो तो आतला.

आपला लिहिलेला इतिहास वरच्याच थराचा आहे. परिषदा, ठराव, पुढारी. आत आहेत त्या आपल्या आया. याच पुण्यात जोतीरावांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीनं १८५५ साली 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. डोक्यावर छप्पर नाही, थंडीपावसात बाया बाळंत होतात, हे दुःख तिनं मांडलं. पंडितांना ही थंडी कधी वाजली नव्हती.

आमच्या वाकळीला एका आजीनं कापड दिलं नाही. म्हणाली, "माझ्या सासूनं मढ्यावरच्या कापडाची वाकळ पांघरली. ती म्या माझ्या हातानं जाळली. आता पुन्हा जुनेराचं नाव नको."

आम्ही गप्प झालो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाला मेलेल्यांची वस्त्रं नेमून दिली आहेत. गावगाड्यात त्याचाच 'हक्क' झाला : प्रेतावरचं कापड महाराचं. लुगड्याचा काठसुद्धा महारणीनं निऱ्यांत लपवायचा, हे बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये लिहून ठेवलं आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जळालं. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी बायांना सांगितलं : लुगडं नीट नेसा, फाटकं असलं तरी स्वच्छ ठेवा, जातीची खूण सांगणारे दागिने टाका. ही कापडाचीच लढाई होती. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं. आजीनं वाकळ जाळली तोही त्याच लढाईतला एक ठराव. कुठल्या इतिवृत्तात तो नाही एवढंच.

मग चिंध्या जोडणं ही लाजच का? अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या विलकॉक्स परगण्यात काळ्या बाया कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून तिथं कित्येक कुटुंबांना जमिनीवरून हुसकलं गेलं. १९६६ साली त्याच बायांची 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभी राहिली. गोधडी विकून त्यांनी घरं चालवली. चिंधी तीच. ती कुणी लादली की आपण आपल्या हातानं जोडली, फरक तेवढाच.

म्हणून आमच्या वहीत आजीचंही पान आहे : "कापड दिलं नाही. कारण हे." वाकळीपेक्षा ते पान आम्हाला मोलाचं वाटतं. ते आम्ही आधी ठरवलं नव्हतं, तिनं शिकवलं.

आज पुण्यातल्या झकपक दुकानांत गोधडी हस्तकला म्हणून विकली जाते. तिथं किंमत लिहिलेली असते, शिवणारीचं नाव नसतं. आपण तरी ते लिहूया. म्हातारी माणसं चालली आहेत. आईजवळ, आजीजवळ वही घेऊन बसा. काय जोडलं ते विचारा. काय जाळलं तेही विचारा. टाका सगळ्या थरांतून गेला पाहिजे.

जय भीम!