नेच्यांच्या गुणसूत्रांची मोजदाद

नेच्यांच्या जीनोमचा अभ्यास सुरू झाला तो गुणसूत्रे मोजण्यापासून. पानाच्या पाठीवरच्या कोवळ्या बीजाणुधान्या सुईने काढायच्या, अ‍ॅसिटोकार्मिनच्या लाल थेंबात ठेवायच्या, काचपट्टी किंचित तापवायची आणि वरच्या पातळ काचेवर अंगठ्याने सरळ दाब द्यायचा. दाब नेमका पडला तर पेशी चपटी होऊन गुणसूत्रे सुटी पसरतात. काच जराशी सरकली की नमुना वाया. याच पद्धतीने लीड्स विद्यापीठाच्या आयरीन मँटन यांनी नेच्यांच्या अनेक जाती तपासल्या. त्यांचा 1950 सालचा ग्रंथ या अभ्यासाचा पाया मानला जातो.

मोजणीतून निघालेले आकडे थक्क करणारे होते. ऑफिओग्लॉसम ही वितभर उंचीची वनस्पती. तिच्या युरोपीय जातीत मँटन यांना सुमारे 500 गुणसूत्रे आढळली. 1954 मध्ये त्रिवेंद्रमचे ए. अब्राहम आणि सी. ए. निनान यांनी ऑफिओग्लॉसम रेटिक्युलेटममधील मोजणी जाहीर केली. या जातीत सुमारे 1260 गुणसूत्रे असतात. माणसात ती 46 आहेत. पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर उगवणारी, सहज पायाखाली जाणारी रोपेही याच ऑफिओग्लॉसम प्रजातीची.

एवढी गुणसूत्रे कशासाठी, हा प्रश्न पुढे अनेक वर्षे छळत राहिला. पूर्ण संच वारंवार दुप्पट झाले असावेत, असा तर्क होता. मग प्रत्येक जनुकाच्या अनेक कार्यरत प्रती सापडायला हव्या होत्या. 1980च्या दशकात क्रिस्तोफर हॉफलर आणि इतरांनी या जनुकांपासून बनणाऱ्या विकरांची (एन्झाइमची) तपासणी केली, तेव्हा नेचे साध्या द्विगुणित, म्हणजे दोनच संच असलेल्या वनस्पतींसारखेच वागताना दिसले. जुन्या प्रती निष्क्रिय झाल्या, पण गुणसूत्रे टिकून राहिली, असे स्पष्टीकरण पुढे आले.

खरी कसोटी डीएनएच्या क्रमवाचनाची होती आणि अवाढव्य जीनोममुळे तिथे नेचे मागे पडले. त्यामुळे सुरुवात लहान जीनोमच्या पाणनेच्यांपासून झाली. भातखाचरात नत्रासाठी वाढवल्या जाणाऱ्या अझोलाच्या क्रमवाचनासाठी 2014 मध्ये चक्क लोकवर्गणी गोळा झाली. 2018 मध्ये अझोला आणि साल्विनिया या दोघांचे जीनोम प्रसिद्ध झाले: पहिला सुमारे 75 कोटी बेसजोड्यांचा, दुसरा जेमतेम 26 कोटींचा. साल्विनियात कीटकनाशक प्रथिनाचे एक जनुक मिळाले, ते मुळात जिवाणूंकडून आलेले. त्याच कुळातले प्रथिन लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने 2016 मध्ये टेक्टेरिया या नेच्यात शोधले होते. पांढऱ्या माशीपासून कापूस वाचवण्यासाठी त्याचे मोल मोठे आहे. नेच्यांकडे केवळ शोभेची झाडे म्हणून पाहणे किती अपुरे आहे, हे इथे कळते.

2022 मध्ये सेराटोप्टेरिस, वृक्षनेचा आणि हंसराज यांचे जीनोम आले. सेराटोप्टेरिसच्या जीनोमचा फुगवटा केवळ संच दुप्पट होण्यातून नव्हे, तर पुनरावृत्त डीएनए साचत गेल्यानेही आला, असे दिसले.

2024 मध्ये न्यू कॅलेडोनियातील टमेसिप्टेरिस या छोट्या नेच्याचा जीनोम सुमारे 160 अब्ज बेसजोड्यांचा, म्हणजे मानवी जीनोमच्या 50 पटींहून मोठा भरला. ज्ञात सजीवांतला हा सर्वांत मोठा जीनोम. मात्र हे फक्त आकाराचे मोजमाप होते, क्रमवाचन नव्हे.