पोथी, जाते आणि साक्ष : परभणी जिल्ह्यातील वार्धक्याचा एक बौद्धिक इतिहास

उतारवयात बुद्धी तल्लख राहावी म्हणून शब्दकोडी सोडवावीत, पाठांतर करावे, चार माणसांत मिसळावे, असे हल्ली वृद्धांना सांगितले जाते. परभणी जिल्ह्याच्या ग्रामजीवनात यांपैकी पुष्कळशा गोष्टी शतकानुशतके घडत आल्या, परंतु त्या आरोग्याच्या नावाने कधीच घडल्या नाहीत. गावाला ज्याची गरज होती आणि जे केवळ वयस्कर माणसालाच जमत होते, अशा कामांच्या ओघात त्या घडल्या. म्हणून या जिल्ह्यातील वृद्धांच्या स्मरणशक्तीचा इतिहास हा वस्तुतः त्यांच्याकडे सोपवलेल्या कामांचा इतिहास ठरतो.

यांतले सर्वांत जुने काम साक्षीचे. जमिनीची पद्धतशीर मोजणी होण्यापूर्वी शेताची हद्द कोणत्या बांधापर्यंत, पाटीलकीचे वतन कोणत्या घराण्याकडे आणि मानाचे पान आधी कोणाला, या प्रश्नांची उत्तरे कागदापेक्षा माणसांच्या आठवणीत अधिक असत. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा, म्हणजे गावचे व आसपासचे वतनदार, भाऊबंद आणि बलुतेदार यांची न्यायसभा, भरत असे. तेथे म्हाताऱ्यांनी देवाची शपथ घेऊन दोन-तीन पिढ्यांचा वृत्तान्त सांगावा आणि निवाड्याचा कागद, ज्याला महजर म्हणत, त्यावर उपस्थितांनी आपापली निशाणी करावी, अशी दख्खनमधील रीत होती. ज्याच्या आठवणीवर दुसऱ्याचे वतन अवलंबून आहे, त्याला ती आठवण वेळोवेळी घासूनपुसून ठेवावीच लागे. पारावर बसून कुळी, सोयरिकी आणि दुष्काळाची वर्षे पुनःपुन्हा उगाळणाऱ्या म्हाताऱ्यांकडे रिकामटेकडे म्हणून पाहणाऱ्यांच्या हे सहसा ध्यानात येत नाही. हा भाग तेव्हा ज्यात होता त्या हैदराबाद संस्थानात दिवाण पहिल्या सालारजंगाने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली, पुढे मोजणी व जमाबंदी झाली, आणि हद्दीचा पुरावा हळूहळू दप्तरात गेला. कारभार नेटका झाला यात शंका नाही, पण म्हाताऱ्या माणसाचे एक काम त्याबरोबर गेले.

दुसरे काम पोथीचे, आणि या जिल्ह्यात ते अधिक खोल रुजले. पोथी लावणे म्हणजे एखादा ओवीबद्ध ग्रंथ ठरावीक मुदतीत, बहुधा आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंतच्या चातुर्मासात, रोज थोडा थोडा वाचून श्रोत्यांना ऐकवणे. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’, महिपतीचा ‘भक्तविजय’ आणि ‘नवनाथ भक्तिसार’ हे या वाचनातले नेहमीचे ग्रंथ. पहिल्याचे अध्याय ३६, दुसऱ्याचे ४० आणि तिसऱ्याचे ६४, त्यामुळे चातुर्मासाच्या मुदतीत ते सहज बसत. छपाईमुळे पोथ्या स्वस्त झाल्या आणि १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग परभणी व पूर्णा या स्थानकांवरून सुरू झाल्यावर मुंबई-पुण्याची छापील प्रत या भागात पोचणे सोपे झाले.

या वाचनाची घडण बारकाईने पाहण्याजोगी आहे. एक जण ओवी चालीवर म्हणतो आणि दुसरा, बहुधा त्याच्याहून वयस्क, अर्थ सांगतो. अर्थ सांगणाऱ्याला जुना शब्द चालू बोलीत उलगडावा लागतो, आदल्या दिवशी कथा कुठे थांबली होती ते जुळवून द्यावे लागते, एका ग्रंथातील प्रसंगाला दुसऱ्यातील दाखला जोडावा लागतो, आणि श्रोत्यांपैकी कोणी आडवा प्रश्न टाकला तर त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. श्रोतेही नुसते ऐकून घेणारे नसत. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशांनीही तोच ग्रंथ वर्षानुवर्षे ऐकलेला असे, त्यामुळे वाचणाऱ्याने एखादा चरण गाळला तर ओसरीच्या कोपऱ्यातून तो पुरवला जाई. साडेतीन चरणी ओवीतील यमक त्या कामी मदतीला येत असे. सायंकाळचा हरिपाठ, म्हणजे ज्ञानदेवांच्या नावावरील सत्तावीस-अठ्ठावीस अभंगांचा नित्यपाठ, हा तर पुस्तकाविनाच म्हणायचा. टाळाचा ठेका, पावलांची लय आणि अभंगांचा क्रम ही तिन्ही अवधाने त्यात एकाच वेळी सांभाळावी लागतात. अखंड हरिनाम सप्ताहात याला ‘ज्ञानेश्वरी’च्या पारायणाची आणि रात्रंदिवस वीणा खाली न ठेवण्याच्या पहाऱ्याची जोड मिळते.

स्मरणावर एवढी भिस्त ठेवणे ही मराठी वाङ्मयाची जुनीच रीत आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ रचले तेव्हा महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या आठवणी त्याने त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून आणि इतरांकडून मिळवल्या होत्या. पुढे धामधुमीच्या काळात मूळ पोथी नष्ट झाल्यावर तो ग्रंथ अनुयायांच्या पाठांतरातून पुन्हा उभा करण्यात आला, आणि त्यांतला एक पाठ हिराइसा या स्त्रीच्या नावाने ओळखला जातो.

स्त्रियांची शाळा जात्यापाशी होती. संत जनाबाईंचे जन्मगाव मानले जाणारे गोदाकाठचे गंगाखेड याच जिल्ह्यात आहे, आणि दळणकांडण करताना विठ्ठलाला हाक मारणारी जनी हे रूप येथील बायकांना परके वाटण्याचे कारणच नव्हते. जात्यावरची ओवी ही मुलीला आईकडून किंवा सासूकडून मिळते. परंतु ती जशीच्या तशी म्हटली जात नाही, तर नाव, नाते आणि प्रसंग बदलून त्याच क्षणी नव्याने बांधली जाते, म्हणून तिच्यात पाठांतराइतकीच रचनाशक्ती लागते. वयाने मोठी बाई म्हणजे ओव्यांचा मोठा साठा, हे समीकरण घरोघर मान्य होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्याही ओव्या आहेत. संग्रह होत होता तेव्हा गावोगावी पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षे झाली होती. गिरणीने बाईच्या खांद्यावरचे पहाटेचे ओझे उतरवले, आणि त्याबद्दल हळहळणे हा शुद्ध अप्पलपोटेपणा ठरेल. परंतु ओवी म्हणण्याचे निमित्तही तिच्याबरोबर संपले, एवढी नोंद करणे भाग आहे.

निजामी अमलाने या जिल्ह्याच्या डोक्याला आणखी एक सवय लावली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी हैदराबाद संस्थानात होती, कचेरीची आणि वरच्या शाळेची भाषा उर्दू होती, बाजारात दखनी चाले आणि घरात मराठी. त्या काळात शिकलेल्या माणसाला दोन लिप्या उलट्या दिशांनी वाचता येत, आणि न शिकलेल्यालाही दोन बोली फिरवून वापराव्या लागत. हैदराबादच्या निजाम वैद्यकीय संस्थेतील सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे वयपरत्वे स्मरण व विचारशक्ती ढासळवणाऱ्या विकाराच्या, ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकापेक्षा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसला, आणि हा फरक निरक्षरांतही आढळला. या निष्कर्षाबद्दल शास्त्रज्ञांत एकवाक्यता नाही, आणि तो परभणीच्या वृद्धांविषयी काढलेलाही नाही; तरी त्याच संस्थानाच्या राजधानीत झालेला हा अभ्यास येथील जुन्या द्वैभाषिक पिढीकडे नव्या नजरेने पाहायला लावतो.

या परंपरेचे गुणगान करताना तिची कुंपणे झाकून ठेवणे योग्य नव्हे. देवळाच्या सभामंडपातील पोथी सर्वांसाठी नव्हती. अस्पृश्य मानलेल्या जातींना तेथे प्रवेश नव्हता आणि अर्थ सांगण्याचा अधिकार स्त्रीला क्वचितच मिळे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध वस्त्यांनी स्वतःची वाचनसभा उभी केली. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे क्रमाने वाचन होते आणि त्यावर चर्चाही होते. मराठवाड्यात ही प्रथा सर्वदूर आहे. ग्रंथ वेगळा, निष्ठा वेगळी, पण रोज वाचणे, उलगडणे आणि विचारणे ही रीत तीच. मुस्लिम मोहल्ल्यांत रमजानच्या महिन्यात कुराणाचे तीस पारे पुरे करण्याचा नेम असतो, तोही याच जातीचा.

शासनाने मात्र वृद्धाला विद्यार्थी मानायला फार वेळ लावला. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेला राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम आणि १९८८ चे राष्ट्रीय साक्षरता अभियान या दोहोंचा रोख १५ ते ३५ या वयोगटावर होता. साठीच्या निरक्षर माणसावर केलेला खर्च वाया जातो, असाच त्याचा अर्थ निघत होता. ठाणे जिल्ह्यातील फांगणे येथे २०१६ मध्ये साठी उलटलेल्या बायकांसाठी आजीबाईंची शाळा निघाली तेव्हा तिचे देशभर कौतुक झाले, त्याचे कारणही हेच की अशी शाळा कोणी पाहिली नव्हती. २०२२ ते २०२७ या काळासाठी मंजूर झालेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील सर्वांचा समावेश करण्यात आला, वयाची वरची अट ठेवण्यात आली नाही.

अट निघाली, तरी अक्षरओळख झालेल्या आजीने पुढे काय वाचावे आणि कोणासाठी वाचावे, याची तरतूद करणे बाकीच राहते. परभणी जिल्ह्यात ती तरतूद करण्यासाठी नवे काही शोधण्याची गरज नाही. गावात वाचनालय आहे, विहार आहे, देऊळ आहे आणि सप्ताह अजून बसतो. त्या सप्ताहाचे निवेदन भाड्याच्या ध्वनिक्षेपकावर आणि बाहेरगावच्या वक्त्यावर सोपवण्याऐवजी एका अध्यायाचा अर्थ सांगण्याचे काम गावातल्याच सत्तरीच्या बाईकडे किंवा बाबांकडे द्यावे, आणि ते काम पुढल्या वर्षीही त्यांच्याकडेच आहे असे त्यांना आधी कळवावे.