निर्वात नलिका विवर्धक : मराठवाड्यातील वापर, दोषशोधन व पुनरुज्जीवन

क्षीण विद्युत् संकेताची शक्ती निर्वात नलिकांच्या साहाय्याने वाढवून ध्वनिक्षेपक चालविणाऱ्या उपकरणास निर्वात नलिका विवर्धक म्हणतात. व्यवहारात ही नलिका ‘व्हॉल्व्ह’ या नावानेच परिचित होती. जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांची नलिका तयार केली. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ च्या सुमारास तीत तिसरे अग्र, म्हणजे जालक, बसविले आणि विवर्धनाचा मार्ग मोकळा झाला. रेडिओ, बोलपट व जाहीर सभा यांच्यामागोमाग १९३० नंतर विद्युत् गिटारसाठीही हे विवर्धक वापरात आले. १९४७ च्या अखेरीस ट्रँझिस्टरचा शोध लागल्यावर पुढील दोन-अडीच दशकांत नलिका मागे पडल्या. गिटारवादकांनी मात्र त्या सोडल्या नाहीत. मर्यादेबाहेर चालविली असता नलिका ध्वनीला जी विशिष्ट विकृती देते, ती त्यांना हवीच असते.

मराठवाड्यातील नांदेड व लातूर भागांत या उपकरणाचा इतिहास गिटारशी नव्हे, तर सभा, कीर्तन, जत्रा व लग्नसमारंभ यांच्याशी निगडित आहे. उपकरणाची जात मात्र एकच. १९६० च्या सुमाराच्या ‘व्हॉक्स एसी ३०’ या इंग्लिश गिटार-विवर्धकात असलेल्या ईसीसी ८३ व ईएल ८४ या प्रकारच्या नलिका बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीनेही तयार केल्या. त्यामुळे जुना सभा-विवर्धक आज गिटारसाठी दुरुस्त करून घेण्याची कल्पना वादकांना सुचते, यात नवल नाही.

हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. खाजगी प्रयत्नाने सुरू झालेले हैदराबादचे नभोवाणी केंद्र १९३५ मध्ये निजाम सरकारने ताब्यात घेतले. पुढे औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथेही केंद्र निघाले. ही केंद्रे १ एप्रिल १९५० रोजी आकाशवाणीकडे आली. त्यानंतर औरंगाबाद केंद्र बंद पडले, ते १९७६ मध्ये पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात, १९६८ मध्ये, परभणी केंद्राची भर पडली. पुणे परिसरातील दीडशे गावांत १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा जो प्रसिद्ध प्रयोग झाला, त्याच्या कक्षेत मराठवाडा नव्हता. तो त्या वेळी हैदराबाद राज्यातच होता. जाहीर सभेवरही संस्थानी काळात बंधन होते. १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानान्वये सभेस पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. मुंबईच्या शिकागो रेडिओ कंपनीचे ध्वनिक्षेपक काँग्रेसच्या व्यासपीठांवर दिसत होते, त्याच काळात येथे सभा घेणे हेच मुळात कठीण होते. कर्णा आणि विवर्धक या भागात सार्वजनिक जीवनाचे नेहमीचे अंग बनले ते प्रामुख्याने संस्थानाच्या विलीनीकरणानंतर, असे यावरून मानावयास हरकत नाही.

गावोगाव वीज पोहोचण्यापूर्वी या उपकरणांना विद्युत् घटमालेचाच आधार होता. खेड्यांतील रेडिओंत कमी शक्तीच्या नलिका व सुमारे ९० व्होल्टची कोरडी घटमाला असे. सभेचा विवर्धक मोटारीच्या ६ किंवा १२ व्होल्टच्या घटमालेवर चाले. हा अल्प दाब दोन-तीनशे व्होल्टपर्यंत चढविण्यासाठी आत एक कंपित्र बसविलेले असे. त्याची स्पर्शाग्रे सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा जुळत व सुटत आणि अर्थातच लवकर जळत. ती पॉलिश कागदाने घासणे हे कारागिराचे नित्याचे काम होते.

वीज आली, पण दाब स्थिर नव्हता. वाहिनीच्या टोकाच्या गावात सायंकाळी दाब बराच खाली येई. शेतीपंप बंद झाले की तो वर चढे. रोहित्राच्या प्राथमिक वेटोळ्याला २००, २२० व २४० व्होल्टची वेगवेगळी टोके असत. आवाज बसतो म्हणून कारागीर जोडणी २०० व्होल्टच्या टोकावर नेई. तेच उपकरण पुढे पूर्ण २४० व्होल्टवर चालविले, तर तापक तंतूला ६·३ ऐवजी सुमारे ७·५ व्होल्ट मिळतात आणि उच्च दाबही एक-पंचमांशाने वाढतो. अशा उपकरणातील नलिका लवकर निकामी होतात व छानक धारित्रे फुगतात. नव्या नलिका घालूनही दोष परत येतो, कारण तो नलिकेत नसतोच. जुना विवर्धक हाती आला की प्रथम हे टोक पाहावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते कोठे जोडले आहे यावरून उपकरण कोणत्या परिस्थितीत राबले याचा अंदाज येतो आणि पुढील निम्मा शोध वाचतो.

दुसरी खूण एकदिशकारकाची. मूळ एकदिशकारक नलिका न मिळाल्याने तिच्या जागी बीवाय १२७ सारखे सिलिकॉनचे एकदिशकारक टाकलेले अनेकदा आढळतात. ते काम चोख करतात. परंतु त्यांतील दाबक्षय नगण्य असल्याने उच्च दाब काही दशक व्होल्टांनी वाढतो आणि अन्य नलिका तापण्यापूर्वीच तो धारित्रांवर येऊन बसतो. मालिकेत योग्य रोधक घातल्यास पहिला दोष बराचसा दूर होतो.

अनेक वर्षे बंद असलेला विवर्धक एकदम पूर्ण दाबावर चालू करू नये. वीजपुरवठ्याच्या मालिकेत ६० किंवा १०० वॉटचा दिवा जोडण्याची दुरुस्तीच्या दुकानांतील जुनी युक्ती येथे उत्तम ठरते. आत कोठे मंडल-संक्षेप असेल तर दिवा प्रखर पेटतो व रोहित्र वाचते. बंद केल्यावरही धारित्रांवर तीन-चारशे व्होल्टचा प्राणघातक भार राहू शकतो. तो रोधकातून निचरून, मापकाने खात्री करून घेतल्याखेरीज आत हात घालू नये. रोहित्रविरहित रेडिओंत धातूची बैठकच वीजवाहिनीला जोडलेली असते. जुन्या नलिका-उपकरणांपैकी हे सर्वांत धोक्याचे.

गुणगुण ऐकू येत असल्यास तिची कंप्रता ओळखावी. पूर्णतरंग एकदिशकारक असलेल्या उपकरणात १०० हर्ट्झची गुणगुण बहुधा छानक धारित्र शुष्क झाल्याचे सांगते. ५० हर्ट्झची असेल तर तापकाच्या तारा किंवा तापक व ऋणाग्र यांमधील गळती तपासावी. आवाजच नसेल तर ध्वनिक्षेपकाकडून आरंभ करून मागे मागे जावे. प्रत्येक टप्प्याच्या जालकाशी क्षीण संकेत द्यावा; तो जेथे पुढे जात नाही, तेथे दोष. शक्तिनलिकेचे दुसरे जालक लाल होत असल्यास आणि धनाग्रावर दाब नसल्यास निर्गम रोहित्राचे प्राथमिक वेटोळे तुटले आहे असे समजावे. ध्वनिक्षेपक न जोडता विवर्धक जोरात चालविल्याने हे रोहित्र जाते, आणि तसे नवे रोहित्र मिळणे सोपे नसते.

सर्वांत फसवा दोष युग्मन धारित्राच्या गळतीचा होय. आधीच्या नलिकेच्या धनाग्रावरील एकदिश दाबाचा अल्प अंश त्यातून झिरपून शक्तिनलिकेच्या जालकावर येतो. विवर्धक आरंभी ठीक वाजतो. अर्ध्या तासाने आवाज चिरकतो आणि नलिकेचे धनाग्र तांबडे दिसू लागते. अशा वेळी ऋणाग्राच्या रोधकावरील दाब मोजावा. एकाकी ईएल ८४ नलिकेचा हा रोधक १३५ ओहमांचा असून त्यावर सुमारे ७·२ व्होल्ट येणे अपेक्षित असते, म्हणजे प्रवाह सुमारे ५३ मिलिअँपिअर. येथे १० व्होल्ट दिसले, तर नलिका बदलण्यापूर्वी धारित्र बदलावे. अर्थात रोधकाचे मूल्य स्वतंत्रपणे मोजलेले असले पाहिजे. जुने कार्बन रोधक कालांतराने वाढतात.

चिरका आवाज हा सभेच्या विवर्धकात दोष असतो, तर गिटारच्या विवर्धकात त्याचा काही भाग अभिप्रेत असतो. म्हणूनच सभेचा विवर्धक गिटारसाठी बदलताना केवळ दोष काढला जात नाही, उपकरणाचा हेतूच बदलतो. ध्वनिग्राहकाचे प्रवेश रोहित्र काढून १ मेगओहमचा प्रवेश देणे सोपे आहे. कर्ण्यांच्या लांब तारांसाठी असलेली निर्गम रोहित्राची टोके कापणेही सोपे आहे. परंतु असे केल्यावर ते यंत्र कोणत्या मैदानासाठी घडविले होते हे सांगणारा पुरावा उरत नाही. मराठवाड्यातील या कारागिरीची लेखी नोंद फार थोडी आहे. जी आहे ती बहुतांशी यंत्रांच्या पोटातच, बदललेल्या रोधकांच्या, वळविलेल्या तारांच्या आणि झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहिलेल्या दाबांच्या रूपात. सुरक्षिततेसाठी छानक व युग्मन धारित्रे आणि झिजलेल्या तारा बदलल्याच पाहिजेत. मात्र काढलेले भाग फेकून न देता, कोठून व का काढले हे लिहून पाकिटात घालावेत आणि ते पाकीट पेटीच्या आतच बांधून ठेवावे. पेन्सिलीचे आकडे पुसू नयेत. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी मापकावर आलेला दाब त्यांच्याशी ताडून पाहता येतो.