पारद आणि दरद

मराठीत ज्याला पारा म्हणतात त्याचे जुने नाव पारद. संस्कृत ‘पारद’मधला ‘द’ प्राकृतात गळाला, जसा ‘कदली’तला गळून ‘केळ’ झाली, आणि पारा उरला. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पारद येतो तो एका वाजीकरणाच्या औषधात, मध आणि लोहचूर्णाच्या जोडीने. अमरकोशाने त्याची चपल, रस आणि सूत अशी आणखी नावे दिली आहेत.

‘चपल’चे कारण सांगावे लागत नाही. सांडलेला पारा चिमटीत धरू गेले की त्याचे मणी फुटून चहूकडे पळतात. ‘रस’ या नावाची फोड रसशास्त्राने अशी केली की, तो इतर धातूंना खाऊन टाकतो. सोन्याच्या अंगठीला पारा लागला तर ती पांढरी पडते, कारण सोने त्यात विरघळू लागते. लोखंडाला मात्र तो सहसा लागत नाही. पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या ‘आयुर्वेद रसशाळा’ या नावात हाच रस आहे. त्याचा फळांच्या रसाशी संबंध नाही.

‘पारद’चा अर्थ मात्र वादाचा. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात रसेश्वर दर्शनाला स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे संसाराच्या पार नेतो तो पारद, अशी व्युत्पत्ती येते. पाऱ्याने देह अजर करून जिवंतपणीच मुक्ती मिळवू पाहणाऱ्या पंथाला ती सोयीची होती. पण शब्द आधीचा आणि अर्थ मागाहून बसवलेला, असेच वाटते.

दुसरी वाट वायव्येकडे जाते. भारतात खाणीतून काढण्याजोगा हिंगूळ जवळजवळ नाहीच, त्यामुळे पारा आणि हिंगूळ बाहेरून येत. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे लाल खनिज. त्याचे एक संस्कृत नाव ‘दरद’, आणि दरद हे काश्मीरच्या उत्तरेकडच्या लोकांचेही नाव. पारदही लोकांचे नाव आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शक, यवन, पहलव यांच्या यादीत पारद आणि दरद दोन्ही एकाच श्लोकात येतात. माल ज्यांच्याकडून वा ज्यांच्या मुलखातून आला त्यांचेच नाव मालाला चिकटणे, ही बाजारातली नेहमीची गोष्ट. म्हणून ही उपपत्ती अधिक पटते.

रसरत्नसमुच्चयातली कथाही तिकडेच बोट दाखवते. हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९० साली छापला. कथेत पारा हे शिवाचे वीर्य. ते अग्नीच्या मुखातून खाली पडले आणि खोल विहिरींत साठले. न्हालेली तरुणी घोड्यावर बसून विहिरीत डोकावली की पारा तिच्यामागे उसळून धावे आणि परतताना वाटेतल्या खड्ड्यांत अडके. काही भाग दरद देशात पडून मातीत जिरला. तिथले लोक ती माती पातनयंत्रात घालून पारा काढतात, असे ग्रंथ म्हणतो. पहिला भाग पुराण आहे, दुसरा खनिज तापवून वाफ थंड करण्याची कृती. वैद्य हिंगुळातून पारा काढत तो अशाच रीतीने: लिंबाच्या रसात खललेला हिंगूळ खालच्या मडक्यात, वर दुसरे मडके पालथे, सांधा कापडमातीने बंद, वरचे बूड ओल्या फडक्याने गार ठेवले की आतून पाऱ्याचे थेंब धरतात.

ग्रीकांनी त्याला पाणी आणि चांदी जोडून नाव दिले. रसायनशास्त्रातली ‘एचजी’ ही खूण त्याच नावाची. फारसी ‘सीमाब’चा अर्थही तोच.

बोलीत पाऱ्याने पारदला हटवले. पारा चढतो, पारा उतरतो. पारद चढत नाही. तरी जुने नाव दुकानात टिकले. उंब्रज, मसूर, कराड या पट्ट्यात वर्षाचा शाळू आणि गहू एकदम भरून ठेवण्याची रीत आहे. असे धान्य भरताना कडुलिंबाचा पाला घालतात, तशा पुरचुंडीत बांधलेल्या पारद टिकड्याही ठेवतात. त्यातल्या पाऱ्याची वाफ किड्यांच्या अंड्यांना मारते. ती माणसालाही विषारी आहे, त्यामुळे दळणाआधी प्रत्येक टिकडी शोधून काढावी लागते.